नंदीचा दुसरा कान

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. असला तर त्याच्या कामात बऱ्याच त्रुटी आहेत, एवढंच माझं म्हणणं असायचं. तीस वर्षं मी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. समोर येईल त्या वस्तूतला दोष शोधायचा आणि त्यावर नापासाचा लाल ठिपका लावायचा, हे माझं काम. ती सवय घरीही सुटली नाही. बायकोच्या पोळ्या, मुलीचे मार्क, शेजाऱ्यांचं करकरणारं गेट, म्हैसूरच्या सांबारातला गूळ, या सगळ्यांना मी मनातल्या मनात लाल ठिपके लावत आलो. अशा माणसाला कृपेचा अनुभव आला, हे सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. पण तो आला, आणि लिहून ठेवला नाही तर मी कृतघ्न ठरेन, म्हणून लिहितो.

आम्ही नाशिकचे. वीस वर्षांपूर्वी नोकरीपायी म्हैसूरला आलो आणि इथलेच झालो. म्हणजे ही झाली. मी वीस वर्षांत कन्नडमधलं एकच वाक्य नीट शिकलो, ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे मला कन्नड येत नाही. गेल्या वर्षी कंपनीने आमचा विभाग बंद केला आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना मला घरी बसवलं. पहिल्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्या आठवड्यात हिने हात जोडून सांगितलं, “अहो, सकाळी जरा फिरायला जात जा.” मुलगी पुण्याला, ही शाळेत शिकवायला जाणार, आणि मी दिवसभर भिंतींकडे बघत बसणार. आपलं काही काम उरलेलं नाही, ही गोष्ट मनात हळूहळू घर करत गेली. आणि मग स्वप्न पडायला लागलं.

स्वप्न नेहमी तेच. मोठी पंगत बसलेली आहे. माझे वडील आहेत, कारखान्यातले सगळे आहेत, माझं ड्रिल मशीन नेऊन परत न करणारा शेजारीही आहे. प्रत्येकापुढे केळीचं पान. मी हात धुऊन येतो, तर माझं पान मांडलेलंच नाही. वाढपी येतात, मीठ, कोशिंबीर, भात, वरण वाढत पुढे जातात. मी म्हणतो, “अहो, मी राहिलोय.” कोणी बघत नाही. आणि माझी बायको, जी प्रत्यक्षात बशीभर पोह्यांनी पोट भरलं म्हणते, ती तिथे शांतपणे बासुंदीची दुसरी वाटी संपवत असते. जराही सरकत नाही. मी घामाने भिजून जागा होतो तेव्हा पहाट झालेली असते. पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं, त्यामुळे पुन्हा डोळा लागायचा प्रश्नच नसायचा.

दिवसभर मी हिच्यावर चिडलेला असायचो. ती चहा देताना विचारायची, “झोप झाली का?” मी म्हणायचो, “तुला काय, तुझं पोट भरलंय.” ती बिचारी कप हातात धरून माझ्याकडे बघत राहायची. एकदा तिने खरंच बासुंदी केली, तर मी ताटावरून उठून गेलो. कारण सांगायची लाज वाटली. साठीला आलेल्या माणसाने स्वप्नात वाढलं नाही म्हणून रुसायचं, हे कोणाला सांगणार?

इथवर हसायला हरकत नाही. पण त्या स्वप्नात पंगतीच्या मागे एक दार होतं. सुरुवातीला ते लांब होतं. रोज थोडं जवळ यायचं. दारापलीकडे अंधार होता आणि त्या अंधारात कमालीची शांतता होती. पहिले दोन महिने मला त्या दाराची भीती वाटत होती. नंतर भीती वाटेनाशी झाली, आणि हे जास्त वाईट होतं. जागेपणीही माझ्या मनात यायला लागलं की आपण त्या दारातून गेलो तर कोणाची पंगत मोडणार नाही. कोणी मान वर करूनही बघणार नाही. मला मरावंसं वाटत होतं. आज हे चार शब्द सरळ लिहिता येतात. तेव्हा मी ते स्वतःशीही उच्चारत नव्हतो.

माझी आई सांगायची, वाईट स्वप्न पोटात ठेवू नये, सांगून टाकावं. माणसाला सांगवत नसेल तर वाहत्या पाण्याला सांगावं. मी मोरीतला नळ सोडून त्याला सांगायला बसलो, तर स्वप्न अर्ध्यावर असतानाच पाणी गेलं. मग फिरायला जाण्याच्या वाटेवर, देवराज मोहल्ल्यातल्या एका गल्लीत, एक लहानसं शंकराचं देऊळ दिसलं. समोर गुडघ्याएवढा काळ्या दगडाचा नंदी. त्याच्या कानात सांगितलेलं थेट शंकराला पोचतं, हे मला माहीत होतंच. तिथल्या भटजींनी खुणेने आणखी एक गोष्ट दाखवली. एका कानात सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, म्हणजे सांगितलेलं बाहेर सांडत नाही. ही पद्धत मला तपासणी विभागाच्या दृष्टीनेही योग्य वाटली.

मग रोज सकाळी साडेसातला माझा नेम सुरू झाला. कंबर धरून वाकायचं, डाव्या हाताने दुसरा कान घट्ट झाकायचा, आणि आदल्या पहाटेचं सगळं सांगायचं. भोवती चार माणसं असायची, पण सगळी कन्नड. इथे मराठी कोणाला कळणार, म्हणून मी आडपडदा ठेवत नव्हतो. बायकोची बासुंदी, शेजाऱ्याचं ड्रिल मशीन, ते दार, सगळं. माझ्या मते मी कुजबुजत होतो. तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढून माझे कान बरेच अधू झालेत, याची तेव्हा मला आठवण झाली नाही.

देवळाच्या कारभारातले दोष मात्र मी टिपत होतो. एक, पहिल्या आठवड्यानंतर भटजी मला प्रसादाचं पोंगल दुप्पट वाढायला लागले. द्रोण दोन्ही हातांनी धरावा लागे. कालचं उरलेलं खपवत असणार, असा मी निष्कर्ष काढला. दोन, पायरीवर फुलं विकणारी पुट्टम्मा, जवळच्या वरुणा गावाहून पहिल्या बसने येणारी म्हातारी, मी चपला घालायला आलो की विचारायची, “ऊटा आय्ता?” म्हणजे जेवण झालं का. या गावात सगळेच एकमेकांना हे विचारतात, पण सकाळी विचारायचं ते न्याहारीचं. सकाळी आठला जेवणाची चौकशी म्हणजे बाईला वेळेचं भान नाही. मी तिलाही लाल ठिपका लावला आणि “कन्नड गोत्तिल्ला” म्हणून निघून गेलो. ती माझ्या पाठीकडे बघत चक् चक् करायची.

असं दीड महिना चाललं. मग एका सकाळी मी नंदीपाशी वाकलो तेव्हा मन अगदी हलकं होतं. मी सांगितलं, “आज दारापर्यंत गेलो. दार उघडंच होतं. आत जावंसं वाटलं, बरं वाटलं. आता ठरलंय माझं. उद्यापासून तुला त्रास द्यायला येत नाही. हिला सांभाळ.” नंदीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोंगल नको म्हटलं. आणि पायरीवर आलो, तर चपला नाहीत.

नव्या चपला. मागच्याच महिन्यात दुकानदाराला तीन जोड बदलायला लावून, शिलाई तपासून घेतलेल्या. माझा पारा असा चढला की विचारू नका. मी पायऱ्यांखाली पाहिलं, चौथऱ्यामागे पाहिलं, एका गृहस्थाच्या पायातल्या चपला वाकून पाहिल्या. देवळात चोरी, म्हणून मी मराठीत, हिंदीत, शेवटी इंग्रजीत ओरडलो. उद्या सकाळी तक्रार देणार म्हणून सांगितलं. ज्या माणसाला उद्याची सकाळ बघायची नव्हती, त्याने उद्याच्या तक्रारीची भाषा करावी, यातली गंमत तेव्हा मला कळली नाही. पुट्टम्मा आपल्या फुलांच्या मोठ्या टोपलीला दोन्ही हातांनी धरून, माझी नजर चुकवत बसली होती.

तेवढ्यात नंदीच्या मागच्या खांबाला टेकून रोज जप करत बसणारे एक म्हातारे गृहस्थ उठून आले. गळ्यात मापाची टेप. त्यांना मी रोज पाहत होतो आणि देवासमोर सुद्धा टेप न काढल्याबद्दल ठिपका लावून मोकळा झालो होतो.

“चपला मिळतात, सर,” ते म्हणाले. “पुट्टम्माच्या टोपलीखाली आहेत. मीच खूण केली तिला, ठेव म्हणून. तुम्ही आधी इकडे बसा की.”

मी टोपलीचं विसरलोच. “तुम्हाला मराठी येते?”

“घरात मराठीच की आमच्या. आम्ही शिंपी. आजोबांचे आजोबा सुई-दोरा घेऊन या गावात आले. मराठी सुटली नाही, स्वल्प कन्नड शिरली आत, तेवढंच.”

“म्हणजे मी नंदीला सांगत होतो ते…”

“सर, नोडी, बघा, तुम्ही या बसवण्णाच्या, नंदीच्या कानात सांगता, पण चौकातल्या सोनारापर्यंत ऐकू जातं. सोनाराला मराठी येत नाही म्हणून बरं.” मग ते माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “एक विचारतो. राग आला तरी चालेल. तुमच्या मनात जीव द्यायचं आहे काय?”

इतकं सरळ मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी हुंदकाच आला. चारचौघांत, भर रस्त्यावर, अनवाणी पायांनी मी लहान पोरासारखा रडलो. शेवटी मान हलवून “हो” म्हणालो. पुट्टम्माला काही सांगावं लागलं नाही. तिने टोपली तशीच टाकली, येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

मास्तरांनी, त्या शिंप्यांना सगळे मास्तरच म्हणत, मग सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यातच पुट्टम्माने त्यांना विचारलं होतं, की हे सर बसवण्णाशी रोज कशावरून भांडतात? मास्तरांनी सांगितलं, की यांना स्वप्नात कोणी जेवायला वाढत नाही. म्हातारी हळहळली. तेव्हापासून ती रोज माझी चौकशी करत होती ती त्या स्वप्नातल्या जेवणाची. आज तरी वाढलं का? मी उत्तर न देता गेलो की मास्तरांना विचारायची, आणि ते सांगायचे, “इल्ला.” नाही. भटजींना तिनेच बजावलं होतं, की स्वप्नातलं आपल्या हातात नाही, इथलं तरी भरपूर वाढा. ते दुप्पट पोंगल शिळं नव्हतं.

“पण आजच चपला का लपवल्या?” मी विचारलं.

मास्तरांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. “माझा धाकटा भाऊ होता. त्याला पण असंच व्हायचं. रोज पहाटे ओरडत उठायचा, मला स्वप्न सांगायचा. आम्ही लिंबू उतरवलं, दोरा बांधला. डॉक्टरकडे नेलं नाही. स्वप्नाला कोण नेतंय, असं वाटलं. मग एक दिवस तो सांगायचा थांबला. एकदम शांत. आम्ही म्हटलं, बरा झाला. पेढे वाटले, सर. चार दिवसांनी तो गेला.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “आज तुम्ही शांत बोललात. पहिल्यांदाच हळू बोललात. म्हणून घाबरलो मी. काही सुचलं नाही, चपला दिसल्या.”

त्या दिवशी लग्नाचे सहा ब्लाउज द्यायचे असताना मास्तरांनी दुकान उघडलं नाही. माझ्याकडून हिचा नंबर घेऊन फोन केला, आणि मला स्कूटरवर मागे बसवून थेट मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. चपला मात्र दवाखान्याच्या दारात पोचल्यावरच माझ्या हातात दिल्या. विश्वासाला मर्यादा असते.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी स्वप्नाला हसण्यावारी नेलं नाही आणि शकुनही मानलं नाही. किती दिवसांपासून, आठवड्यातून किती वेळा, जाग आल्यावर काय वाटतं, जीव द्यायचे विचार कधीपासून, काही ठरवलं आहे का, असे एकामागून एक प्रश्न विचारले. अशी काटेकोर तपासणी पाहून मला तेवढ्यातही बरं वाटलं. त्या म्हणाल्या, की वाईट स्वप्नं सतत पडत राहणं हे किरकोळ नव्हे. अशी स्वप्नं ज्यांना छळतात त्यांच्यात आयुष्य संपवायचे विचार जास्त आढळतात, म्हणून आम्ही ती मुद्दाम विचारतो. ते भविष्य नव्हे, दुखणं आहे, आणि दुखण्यावर उपचार होतात. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं, काही दिवस एकटं राहायचं नाही म्हणून बजावलं.

ही शाळेतून रिक्षाने आली. बाहेरच्या बाकावर मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. दाराचं ऐकून ती पांढरीफटक पडली, माझा हात तिने इतका आवळला की अंगठी रुतली. मग बासुंदीचं तिच्या डोक्यात उतरलं.

“मी सरकले नाही? मी?” तिचा आवाज दवाखानाभर गेला. “तीस वर्षांत तुमचं पान वाढल्याशिवाय मी घास घेतला नाही, आणि स्वप्नात माझी ही बदनामी? आणि ते तुम्ही दीड महिना गल्लीला सांगत होतात?” आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. “मला का नाही सांगितलंत हो? नंदीला सांगितलंत.”

उपचारात एक गमतीचा भाग होता. बाईंनी सांगितलं, की स्वप्न कागदावर लिहायचं, पण शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि रोज दिवसाउजेडी तो डोळ्यांपुढे आणायचा. मास्तरांना हे फार पटलं. “बरोबर आहे की. कापड तेच, चुकलं तिथे उसवायचं आणि परत शिवायचं,” म्हणाले. मी पहिला मसुदा साडेतीन पानी केला. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, “यात नुसते पदार्थ आहेत. तुमचं काय होतं?” दुसऱ्यात मी वाढप्यांना नोकरीवरून काढून टाकलं. तोही नापास झाला. मला नापास करणारं माणूस आयुष्यात प्रथमच भेटलं होतं. शेवटी पाचव्या खेपेला तीन ओळी उरल्या. मी म्हणतो, मी राहिलोय. ही मान वर करते. ही सरकते.

लगेच काही बदललं नाही. दार लांब जायला महिने लागले, काही पहाटे ते पुन्हा जवळही आलं. पण आता मी हिला उठवत होतो आणि ती उठत होती.

दिवाळीनंतर पुट्टम्माच्या मुलाने वरुण्याला घर बांधलं आणि आम्हाला वास्तूच्या जेवणाचं बोलावणं आलं. बस भाताच्या आणि उसाच्या शेतांतून जात होती, आणि मी परतीच्या बसच्या वेळा मोजत होतो. पंगत म्हटलं की अजून भीती वाटायची. नव्या घराच्या अंगणात खरीखुरी पंगत मांडलेली, केळीची पानं. मी हिच्या आणि मास्तरांच्या मध्ये बसलो. माझ्यापुढे पान होतं. मीठ आलं, कोशिंबीर आली. आणि मग भाताचं घमेलं घेऊन येणारा माणूस कोणाच्या तरी हाकेला वळला, मला ओलांडून थेट मास्तरांना भात वाढला आणि पुढे गेला.

मी गोठून गेलो. मागे वळून पाहायचं धाडस होईना. मग तो तीन ओळींचा कागद आठवला, आणि मी तोंड उघडलं.

“अहो, मी राहिलोय!”

कुजबुजच करायची होती, पण माझी कुजबुज कशी असते ते आता तुम्हाला माहीत आहे. अख्ख्या अंगणाच्या माना वर झाल्या. हिने चटकन सरकून माझं पान आपल्याकडे ओढलं आणि स्वतःचा भात माझ्या पानावर सारला. मास्तर ओरडले, “इल्ली! इल्ली बडिसी!” इथे वाढा, इथे. चुलीपाशी बसलेली पुट्टम्मा एवढी म्हातारी, पण त्या वाढप्याच्या हातातलं घमेलं हिसकावून स्वतः आली, आणि माझ्या पानावर भाताचा डोंगर रचून समोर उभी राहिली. तो सगळा भात मी संपवला. डोळ्यांतलं पाणी त्यात पडत होतं, त्यामुळे मीठ वेगळं लागलं नाही.

हा चमत्कार म्हणावा का, मला ठाऊक नाही. शंकराने नंदीकरवी ऐकलं, की एका शिंप्याने खांबामागून ऐकलं, यात मला आता फरक करता येत नाही, आणि करायचाही नाही. आयुष्यभर मी देवाच्या कामातले दोष शोधले. माझा मोठा आवाज, माझं कन्नड न शिकणं, म्हातारीची अवेळी चौकशी, यांतल्या प्रत्येक गोष्टीला मी लाल ठिपका दिला असता. त्याच गोष्टींनी मिळून माझा जीव वाचवला. शरण जायचं म्हणजे काय, ते मला पोथीत कळलं नव्हतं. मी राहिलोय, एवढं कोणाला तरी ऐकू जाईल असं म्हणायचं, ही माझी शरणागती. तुमच्यापैकी कोणाच्या स्वप्नात असं दार येत असेल, तर नंदीला जरूर सांगा. पण माणसालाही सांगा, डॉक्टरांनाही सांगा.

मी अजून रोज जातो. वाकतो, पहाटेचं सांगतो. दुसरा कान मात्र झाकत नाही. परवा पायरीवर चपला घालत होतो, तेव्हा पुट्टम्माने नेहमीसारखं विचारलं, “ऊटा आय्ता?”

त्या पहाटे मला पान होतं, वाढपी थांबला होता, आणि ही सरकली होती.

“आय्तु,” मी म्हणालो. झालं. वीस वर्षांत शिकलेलं माझं कन्नडमधलं दुसरं वाक्य. मग राहवेना म्हणून मास्तरांना सांगितलं, “पण ताक जरा पातळ होतं.”